मामानं खर्च केलेला गावसकर

मी बोलतोय कारध्याहून, वैनगंगेच्या काठावरून.

ऑगस्ट 2020 चा पूर आठवतो ना? मामाच्या घरात पाणी शिरलं. धानाची पोती गेली, गाद्या गेल्या. चिखल उपसताना मला बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत कागदाचा लगदा, आणि त्यात शाबूत राहिलेली सात कार्डं. बिग फन बबलगममध्ये मिळायची ती, क्रिकेटवाली!

आता थोडं मागे जाऊ. 19 व्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठा घालत. त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपलंच घेईल, हे कंपन्यांनी ओळखलं. इंग्लंडच्या विल्सनं 1896 मध्ये 50 क्रिकेटपटूंचा संच काढला. आमच्या भंडाऱ्यातही धंदा तंबाखूचाच, पण बिडीच्या कट्ट्याला पुठ्ठा कशाला लागतो! पुढे तंबाखूची जागा गोळ्या-च्युइंगमनं घेतली. अमेरिकेत टॉप्स, कॅनडात ओ-पी-ची. आपल्याकडच्या पोरांना हा नाद लावला तो बबलगमनं.

आणि वेळही कशी! 31 ऑक्टोबर 1987, रिलायन्स कप, मॅच आपल्या नागपुरात. न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. मग गावसकरनं 88 चेंडूंत नाबाद 103 केले. वनडेतलं त्याचं हे एकमेव शतक. मामा तेव्हा शाळेत होता. खाऊचे सगळे पैसे बबलगममध्ये.

पण सात कार्डांत गावसकर नव्हता. मी विचारलं, पुरात गेला का?

मामा हसला. "पुरात नाही गा. कार्डावर रन छापलेले राहत. रन जमले की दुकानात कार्डं द्यायची अन् फ्लिपबुक घ्यायचं. रन खर्च केले नसते तं पुस्तक कसं भेटलं असतं?"

मंडळी, गंमत इथेच आहे. जुनं कार्ड दुर्मीळ होतं ते फक्त पुरानं किंवा वाळवीनं नाही. पोरं ते खेळून संपवतात म्हणून! टॉप्सनं तर 1952 ची न खपलेली बेसबॉल कार्डं 1960 मध्ये समुद्रात बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं.

आमच्या सात कार्डांना कुणी शंभर रुपयेही देणार नाही. डाग आहेत, कोपरे गेलेत. तरी मी ती सावलीत वाळवली, प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला आणि सोबत मामाचं बोलणं रेकॉर्ड केलं. कारण कार्डावर फक्त रन छापलेले आहेत. ते कुणी, कसे जमवले, हे मामालाच माहीत.

तुमच्या घरी असा डबा असेल तर आज उघडा. आणि उघडताना डब्याच्या मालकाला शेजारी बसवा. भेटू पुढच्या भागात!