खार, चरबी आणि दिल्ली

जुन्या दिल्लीत फत्तेपुरी मशिदीच्या पश्चिमेला जो मसाल्यांचा बाजार पसरला आहे, त्याला खारी बावली म्हणतात. ज्या खाऱ्या पाण्याच्या पायविहिरीवरून हे नाव पडले तिचा आज मागमूस राहिलेला नाही. हळद, मिरी, बदाम यांच्या ढिगांशेजारी तेथे रिठा, शिकेकाई, वाळलेले आवळे आणि मुलतानी माती पोत्यांतून विकावयास ठेवलेली असते. गिऱ्हाईक रिठ्याचे फळ हातात घेते, बोटांत दाबून पाहते, शिकेकाईची शेंग मोडून तिचा वास घेते आणि मग भाव विचारते. अंग आणि केस स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांची पारख हजारो वर्षे अशीच होत आली. वस्तू आणि तिचा घटक या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्या.

रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पाण्याचा पृष्ठताण कमी करून ती फेस आणतात आणि तेलकट मळ सैल करतात. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि मुलतानी माती यांची रीत निराळी. ती तेल शोषून घेतात. संस्कृत वैद्यकातील उद्वर्तन, हिंदीतील उबटन आणि मराठीतील उटणे ही एकाच शब्दाची तीन वये आहेत. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उटणे लावणाऱ्या मराठी माणसाला याच शब्दाचे दिल्लीकडचे रूप ‘आइने अकबरी’त भेटते. अबुल फज्लने सुगंधांच्या प्रकरणात ‘ओपटना’ नावाच्या द्रव्याची कृती दिली असून तीत अगरू, चंदन असे घटक मापांसह सांगितले आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्लॉखमनने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा या शब्दापुढे त्याने ‘सुगंधी साबण’ असा अर्थ लिहिला. उटण्याला साबण म्हणण्यात अनुवादकाची सोय झाली खरी. परंतु साबण ही वस्तू मुळात वेगळी आहे.

साबण म्हणजे चरबी किंवा तेल यांचा तीव्र खाराशी संयोग. तेलाच्या रेणूत मेदाम्ले ग्लिसरीनला बांधलेली असतात. कॉस्टिक सोड्याबरोबर ते तापवले की ती बांधणी सुटते, मेदाम्लाचा सोडियमशी क्षार बनतो, तोच साबण. ग्लिसरीन वेगळे होते. कारागिरांना हे हाताने ठाऊक होते, पण त्याची मीमांसा फ्रान्समधील शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध झाली. गंगा-यमुनेच्या दुआबातील उसर जमिनीवर ‘रेह’ नावाचा पांढरा खार फुलून येतो. धोबी तो कपड्यांसाठी वापरीत. खार जागेवर होता, तेल होते आणि चरबीही होती. ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’च्या कुळातला, वस्तूही बाहेरच्या वाटेनेच इकडे रुळली.

चरबी या शब्दाला मात्र दिल्लीच्या परिसरात एक वेगळाच इतिहास चिकटला आहे. मेरठ दिल्लीपासून सुमारे चाळीस मैलांवर आहे. 24 एप्रिल 1857 रोजी तेथील तिसऱ्या घोडदळाच्या 85 शिपायांनी काडतुसे हाती घेण्यास नकार दिला. त्यांना बेड्या ठोकण्यात आल्या, 10 मे रोजी छावणी पेटली आणि दुसऱ्याच दिवशी शिपाई दिल्लीत बहादूरशहा जफरच्या दाराशी उभे राहिले. उठावाची कारणे अनेक होती, त्यांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, काडतुसांना लावलेले वंगण कोणत्या प्राण्याच्या चरबीचे आहे, या प्रश्नाला सरकारजवळ धड उत्तर नव्हते. चरबीचा पुरवठा घेताना ती कशाची, हे कोणी पाहिलेच नव्हते. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मुळे ती अफवांनी भारलेली हवा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. वस्तू हाताळणाऱ्याला तिच्यात काय आहे हे विचारण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न तेव्हा प्रथम रक्ताने विचारला गेला.

त्याच मेरठमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात नॉर्थ वेस्ट सोप कंपनीने साबणाचा कारखाना काढला. हिंदुस्थानातील आधुनिक पद्धतीच्या अगदी आरंभीच्या साबण कारखान्यांत त्याची गणना होते. इतिहासाला असे योगायोग घडवून आणण्याची हौस असते; त्यातून अर्थ काढण्याची घाई करू नये. याच काळात, 1888 मध्ये, इंग्लंडहून लीव्हर बंधूंचा सनलाइट साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला, 1895 मध्ये लाइफबॉय आला. परदेशी साबणात जनावरांची चरबी असणे ही तिकडे सामान्य गोष्ट होती. इकडे तीच गोष्ट स्वदेशीच्या चळवळीला उपयोगी पडली. अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पतिजन्य तेलांचा साबण बाजारात आणला, तेव्हा प्राणिज चरबीचा अभाव हाच त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला गेला, आणि पुढे गोदरेजच्या साबणाच्या जाहिरातींत रवींद्रनाथ ठाकूरही दिसले. 1941 मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. तिथपासून विक्रीचे बळ घटकाकडून चेहऱ्याकडे सरकले, असे म्हणता येईल.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी 1947 मध्ये, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. 1987 पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरो पाहतो. त्याचे मुख्यालय, मानक भवन, नवी दिल्लीत ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव बहादूरशहा जफर मार्ग. साबणात चरबी किती असावी याचा निर्णय चरबीच्या वादाने सिंहासन गमावलेल्या बादशहाच्या नावाच्या रस्त्यावर व्हावा, ही गोष्ट तेथे रोज ये-जा करणाऱ्यांच्याही ध्यानात येत नसेल.

या निर्णयाचे परिमाण म्हणजे ‘एकूण मेदद्रव्य’, व्यापारी भाषेत टी.एफ.एम. भारतीय मानक 2888 प्रमाणे अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतीत ते किमान 76 टक्के असावे लागते, दुसरीत 70 आणि तिसरीत 60. त्याखाली ‘बेदिंग बार’ची वेगळी जात असून तिच्यासाठी 13498 क्रमांकाचे मानक आहे आणि तेथे 40 टक्के पुरतात. दोन्ही वड्या दुकानात एकाच फळीवर, सारख्याच वेष्टनात असतात. ‘साबण’ हा शब्द एकीवर आहे आणि दुसरीवर नाही, एवढाच फरक डोळ्यांनी दिसतो. उरलेल्या भागात ओलावा, शंखजिऱ्याची पूड, सुगंध, रंग आणि कधी कृत्रिम मलनाशके असतात. कितीही शुद्ध साबण घेतला तरी हा आकडा शंभरापर्यंत जात नाही, कारण मेदाम्लाला चिकटलेल्या सोडियमचे वजनही वडीतच असते.

या आकड्याचे गारूड अलीकडे फार वाढले आहे. तो वडीच्या भरीवपणाचे माप आहे, सौम्यपणाचे नव्हे. उत्तम प्रतीचा साबणही पाण्यात अल्कधर्मीच असतो, त्याचा सामू 9 ते 10 च्या आसपास जातो. माणसाच्या त्वचेचा सामू आम्लाकडे झुकलेला, साडेपाचच्या जवळपास असतो. ज्या वड्या साबणाच्या नसून कृत्रिम मलनाशकांच्या असतात, त्या टी.एफ.एम.च्या कसोटीला लावणे म्हणजे दूध गजाने मोजणे होय. पाण्याचाही विचार केला पाहिजे. गुडगाव, नोएडा या बाजूंना कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून बादलीच्या कडेला राखी साय धरते आणि फेस येत नाही. लातूर-सोलापूरकडून तेथे नोकरीला गेलेल्या मराठी गृहिणीला हे नवीन नाही. कृत्रिम मलनाशके अशा पाण्यातही फेसाळतात, म्हणून त्यांचा खप.

कायद्याने साबणाकडे बराच काळ पाठ फिरवली होती. औषधांचा 1940 चा कायदा 1962 मध्ये सौंदर्यप्रसाधनांना लागू करताना व्याख्येत ‘साबण वगळून’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले. ते शब्द 1 फेब्रुवारी 1983 पासून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी आयात केलेली गोमांसाची चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याच्या बातमीने उत्तर भारत ढवळून निघाला आणि सरकारने त्या चरबीची आयात थांबवली. साबणवाल्यांचाही एक कच्चा माल त्यामुळे आटला.

पुढे हा प्रश्न न्यायालयात गेला. खाद्यपदार्थ, प्रसाधने आणि औषधे यांत प्राणिज अंश आहे की नाही हे जाणण्याचा नागरिकाला अधिकार आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2002 मध्ये दिला. त्यासाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्य, जीवन आणि धर्मस्वातंत्र्य या तिन्ही अधिकारांचा आधार घेण्यात आला. साबण व प्रसाधने बनवणाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मार्च 2013 मध्ये त्या न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांच्यापुरता तो निर्णय रद्द केला. असे नियम करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, हे त्यातले सूत्र. गंमत अशी की, दुसऱ्याच वर्षी ग्राहक व्यवहार खात्याने वेष्टनाच्या नियमांत दुरुस्ती करून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवर हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका घालण्यास सांगितले.

ठिपक्यावाचून वेष्टन वाचणेही अशक्य नाही. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पाम तेलाचा साबण, ‘सोडियम कोकोएट’ म्हणजे खोबरेल तेलाचा, ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे गुराढोरांच्या चरबीचा. परंतु ‘ग्लिसरीन’ किंवा ‘स्टिअरिक आम्ल’ हे शब्द आले की वाचक अडतो. रेणू तोच, तो नारळातून आला की खाटिकखान्यातून, हे नाव सांगत नाही.

प्रसाधनांच्या 2020 च्या नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याहून कमी असलेले मागून कोणत्याही क्रमाने चालतात. म्हणून वेष्टनावर दर्शनी भागात मिरवणारे केशर वा चंदन यादीत कितव्या जागी आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. मात्र याच नियमांत एक सवलत आहे. 60 मिलिलिटरहून कमी द्रव आणि 30 ग्रॅमहून कमी घन पदार्थ यांच्या वेष्टनावर घटकांची यादी छापण्याचे बंधन नाही. शाम्पूची पुडी फार तर सात-आठ मिलिलिटरची असते. फरीदाबादच्या कारखान्यांतला मजूर, गुडगावच्या वस्त्यांत राहणारी मोलकरीण आठवड्याला अशी एकच पुडी विकत घेतात. त्यांच्या हाती पडते ती कोरी पुडी, आणि खारी बावलीतल्या पोत्यातली शिकेकाई आता तिच्यापेक्षा महाग पडते.