अलाइनमेंट पुढचे, दोष मागचा

गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग किंचित वळवून धरावे लागते, अशी तक्रार घेऊन आलेल्या मालकाला गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते : 'अलाइनमेंट करून घ्या.' पुढच्या चाकांचे कोन यंत्रावर जुळवले जातात, छापील कागद हाती पडतो आणि काही दिवसांत गाडी पुन्हा पूर्वीसारखीच ओढू लागते. इंजिन पुढे आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, अशा रचनेच्या सेडान मोटारींत या अनुभवाचे मूळ पुष्कळदा मागच्या बाजूला असते. पुढची चाके दिशा देतात हे खरे. परंतु गाडी ज्या रेषेत ढकलली जाते ती रेषा मागची चाके ठरवतात.

भारतीय रस्त्यांवर या रचनेचे दीर्घकाळ राज्य होते. २०१४ साली उत्पादन थांबलेली ॲम्बॅसेडर आणि मुंबईच्या टॅक्सींच्या ताफ्यातून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी या दोन्ही मोटारी मागच्या चाकांवर चालणाऱ्या. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि छोट्या मोटारींत जोर पुढच्या चाकांकडे गेला. तरीही हौशी मंडळींनी जतन केलेल्या जुन्या गाड्यांत, तसेच बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या अनेक सेडान गाड्यांत ही रचना आजही पाहावयास मिळते.

तीन कोन

चाकांची जुळणी मुख्यतः तीन मापांवर अवलंबून असते. वरून पाहिले असता दोन चाकांची पुढची टोके आत वळलेली असतील तर ते 'टो-इन', बाहेर वळलेली असतील तर 'टो-आउट'. समोरून पाहिले असता चाक आत किंवा बाहेर कललेले असते, तो 'कॅम्बर'. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे झुकलेला असतो, तो 'कॅस्टर'. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होते, त्यात कॅस्टरचा मोठा वाटा असतो.

मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढची चाके रस्त्याच्या घर्षणामुळे मागे रेटली जातात आणि सांध्यांतील व बुशांमधील सैलपणापुरती बाहेर उघडू पाहतात. म्हणून अशा गाडीत उभ्या स्थितीत थोडे टो-इन ठेवतात. धावताना चाके जवळजवळ समांतर होतात. मात्र हे माप काटेकोर हवे. १५ इंची रिमवर गरजेपेक्षा ३ मिलिमीटर जास्त टो-इन राहिले, तर प्रत्येक पुढचे चाक दर किलोमीटरला सुमारे ४ मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात हे घासणे ४० किलोमीटरच्या घरात जाते. टायरच्या बाहेरच्या कडा लवकर झिजतात आणि हात फिरवल्यास करवतीच्या दात्यांसारखा स्पर्श जाणवतो.

कॅम्बर किंवा कॅस्टर दोन्ही बाजूंना असमान असेल, तर गाडी ओढते. ज्या बाजूचे चाक वरून अधिक बाहेर कललेले किंवा ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला तिचा ओढा असतो. मात्र पाणी वाहून जावे म्हणून रस्त्यालाच कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे झुकणे स्वाभाविक आहे. तो दोष नव्हे. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर बहुधा बॅलन्सिंग बिघडलेले असते, अलाइनमेंट नव्हे.

मागच्या ॲक्सलचे गणित

ॲम्बॅसेडर व पद्मिनी या दोन्हींत मागे अखंड ॲक्सल असून तो पाट्यांवर बसवलेला असतो. हे पाटे केवळ वजन पेलत नाहीत. इंजिनाचा जोर गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचवण्याचे कामही तेच करतात. यू-बोल्ट ढिले झाले किंवा पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला, तर ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. मग गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढचे अलाइनमेंट कितीही अचूक केले तरी स्टीअरिंग वाकडेच राहते. तपासणीचा उपाय साधा आहे. पुढची चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकाच्या केंद्रांमधील अंतर मोजावे. ॲम्बॅसेडरमध्ये ते २४६४ मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंच्या मापांत फरक आढळला, तर आधी मागे लक्ष द्यावे.

नव्या सेडान गाड्यांत मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि त्यांचा टो पुष्कळदा जुळवता येतो. अशा गाड्यांत चारही चाकांची मापे घेऊन प्रथम मागची आणि नंतर पुढची चाके जुळवावी लागतात. मागे टो-आउट झाल्यास वेगात गाडीचा मागचा भाग अस्थिर होतो. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, त्यांत जुळणीनंतर स्टीअरिंगच्या कोनाची नोंदही अनेकदा नव्याने करावी लागते.

पहिल्या पावसातील स्वभाव

इंजिन पुढे असल्याने रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका असतो आणि जोर मात्र त्याच चाकांवर येतो. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ पाण्यात मिसळते. अशा वेळी घाटातील वळणावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर मागचा भाग बाहेर सरकतो. मागचे टायर गुळगुळीत असतील, तर हे अगदी कमी वेगातही घडते. त्या क्षणी घाबरून ब्रेक दाबणे घातक ठरते. पाय हळुवार उचलून, मागचा भाग ज्या दिशेला घसरत आहे त्याच दिशेला स्टीअरिंग बेताने वळवावे लागते. उलट डिकी ठासून भरली, तर पुढचा भाग उचलला जाऊन स्टीअरिंग हलके पडते आणि दिव्यांचा झोत वर जातो. म्हणूनच वेग वळणाआधी कमी करणे आणि वळण सरळ होऊ लागल्यावरच जोर देणे, ही या गाड्यांची जुनी शिस्त आजही लागू आहे.

क्रम महत्त्वाचा

चारही टायरमधील हवा, त्यांची झीज, चाकांची बेअरिंगे, टाय रॉडची टोके, बॉल जॉइंट, बुश आणि मागचे पाटे यांची तपासणी झाल्यावरच अलाइनमेंटला अर्थ असतो. झिजलेल्या सांध्यांवर केलेली जुळणी पहिल्याच खड्ड्यात बिघडते. काम करताना स्टीअरिंग मध्यावर बांधलेले असावे, गाडी सपाट जागी असावी आणि मापांची छापील नोंद आधीची व नंतरची अशी दोन्ही मागून घ्यावी. नंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी स्वतः चालवून पाहावी. यंत्र कोन दाखवते. तो कोन का बिघडला, हे गाडीखाली शिरूनच शोधावे लागते.