गळ, जाळं आणि भिंत

मंडळी, मासे धरणारी माणसं दोन तऱ्हेची. एक पोटासाठी धरणारी आणि दुसरी हौसेसाठी. पहिल्याला मासा मिळाला नाही तर चूल थंड राहते. दुसरा "आज पाणीच बरोबर नव्हतं" म्हणतो आणि घरी येऊन वरणभात जेवतो. त्यामुळे हौशी माणसाची आपण थट्टा करतो. पण आपल्या देशात पाण्यातल्या माशाची काळजी सरकारदरबारी पोचवली, ती बरीचशी या हौशी मंडळींनीच. केरळच्या वेंबनाड तलावाबद्दल वाचताना हे सगळं डोक्यात घोळत होतं, म्हणून आज हा विषय.

वेंबनाड म्हणजे देशातला सर्वात लांब तलाव. लांबी सुमारे ९६ किलोमीटर. दक्षिणेकडून पंबा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या गोडं पाणी आणतात आणि कोचीच्या मुखातून समुद्राचं खारं पाणी आत येतं. या कोचीत एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे नावाचा एक इंग्रज डॉक्टर नोकरीला होता. औषधपाणी सांभाळून त्याने माशांचा अभ्यास केला आणि १८६५ साली मलबारच्या माशांवर ग्रंथ छापला. पुढे सरकारने त्याला मत्स्यखात्याचं काम दिलं. त्याच सुमारास मद्रास इलाख्यातला एक सनदी अधिकारी, हेन्री सलिव्हन थॉमस, गळाने मासे धरण्यात रमला होता. १८७३ साली त्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, आणि १८८७ साली खास तळ्यांतल्या गळासाठी दुसरं.

हे दोघेही एकच रड सांगत होते, की मासे कमी होत आहेत, पिल्लं मारली जात आहेत. अशा लोकांनी धोशा लावल्यावर १८९७ साली मत्स्य कायदा झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरलं. चांगलंच झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. साहेबाने बोट दाखवलं ते बहुतेक गरिबाच्या बारीक जाळ्याकडे. जाळं दिसतं, कोळीही दिसतो. त्याला धरणं सोपं.

वेंबनाडचं खरं दैव बदललं ते जाळ्याने नव्हे, भिंतीने. तलावाच्या दक्षिणेला कुट्टनाड आहे. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, बांध घालून आणि पाणी उपसून केलेली. उन्हाळ्यात खारं पाणी आत शिरलं की पीक जातं. म्हणून तण्णीरमुक्कम इथे तलावाच्या आरपार सुमारे सव्वा किलोमीटरचा बंधारा बांधला. तो १९७६ साली सुरू झाला. साधारण डिसेंबरात दारं बंद करायची आणि भात निघाल्यावर उघडायची. यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती. तांदळाची टंचाई भोगलेल्या राज्याला दुसरं पीक हवं होतं.

पण माशाला भाताचं वेळापत्रक कोण सांगणार? तिथल्या नद्यांतली मोठी कोळंबी अंडी घालायला मचूळ पाण्यात उतरते आणि तिची पिल्लं परत वर चढतात. तिची वाट अडली. पूर्वी खारं पाणी आलं की जलपर्णी मरायची. आता आतल्या बाजूला ती माजते.

आम्हा रायगडकरांना हे परकं नाही. आमच्याकडेही खारबंदिस्तीचे बांध आहेत, आणि आमचा लाडका जिताडा वेंबनाडलाही आहे. माझा नातू कोचीला असतो. रविवारी गळ घेऊन जातो आणि जिताड्याबरोबर काढलेला फोटो अभिमानाने पाठवतो. जिताडा वाढतो खाडीत आणि गोड्या पाण्यात, पण वंशवाढीसाठी त्याला खाऱ्या मुखाशी जावं लागतं. म्हणजे त्यालाही मोकळी वाट हवी. आणखी एक गंमत अशी की हा मासा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. फोटोत शोभणारा सर्वात मोठा जिताडा म्हणजे बहुधा पुढच्या हजारो पिल्लांची आईच. नातवाला हे कळवलं. त्याचं उत्तर आलं, "आजोबा, मग आता मोठा लागला तर सोडायचा?" मी लिहिलं, "फोटो काढ आणि सोड."

आजही बंधाऱ्याची दारं कधी उघडायची यावरून शेतकरी आणि कोळी यांच्यात वाद होतो. दोघांचंही पोट त्यावर आहे, त्यामुळे दोघांनाही खोटं म्हणता येत नाही. करिमीन, म्हणजे कोकण-गोव्याकडचं कालुंदर, २०१० साली केरळचा राज्यमासा झाला. पण मान दिल्याने पाणी सुधारत नाही.

मला वाटतं, या भांडणात हौशी माणसाचं एक काम आहे. त्याचं पोट या पाण्यावर नाही, म्हणून तो मासा सोडू शकतो आणि कोळ्याच्या बाजूने बोलूही शकतो. डे आणि थॉमस यांच्या वेळी हौशी लोकांनी जाळ्याकडे बोट दाखवलं. आताच्यांनी भिंतीकडेही दाखवावं, आणि दाखवताना पलीकडचं भात विसरू नये. दारं आठवडाभर आधी उघडली तरी कोळंबीला तेवढी वाट मिळेल.

असो. मास्तरकी सुटत नाही, चालायचंच.