ग्रामीण पतसहकार, मराठवाड्यातील

ग्रामीण पतसहकार, मराठवाड्यातील : हैदराबाद संस्थानाच्या मराठी भाषिक जिल्ह्यांत शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी निघालेल्या पतपेढ्यांची व्यवस्था. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला व पुढील वर्षी मुंबई इलाख्यात गदगजवळील कणगिनहाळ येथे पतपेढी स्थापन झाली. निजामाच्या मुलखात तसा कायदा होण्यास १९१४ साल उजाडले.

गावातील सभासदांनी परस्परांस जामीन राहावे, जबाबदारी अमर्याद असावी, हे तत्त्व जर्मनीतील राइफायझेन पतपेढ्यांवरून घेतलेले होते. व्यवहारात मात्र जमीन हीच पतीची कसोटी ठरली. सवाई-दिढीने धान्य देणारा सावकार कुणाची गाडी हंगामात किती फिरली, हेही जाणून असे; पतपेढीच्या दप्तरात त्या कमाईला रकाना नव्हता.

ही कमाई किरकोळ नव्हती. हॅरल्ड मान याने पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ शेतीवर निभावत होती. आणखी २८ कुटुंबे बाहेरील मजुरीच्या जोडीने तरत होती. उरलेल्या ६७ कुटुंबांना दोन्ही मिळूनही पुरत नसे. खडकीचे कारखाने जवळ असूनही ही अवस्था होती. पुणे जिल्ह्यातीलच जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावात (१९२१) अशा अपुऱ्या कुटुंबांचे प्रमाण सु. ८५ टक्के आढळले.

मराठवाड्यात खडकीसारखे कारखाने नव्हते. लोह्याचा परिसर त्या वेळी कंधार तालुक्यात मोडत असे (स्वतंत्र तालुका १९९९). विसाव्या शतकाच्या प्रारंभी मनमाडचा लोहमार्ग नांदेडहून जाऊ लागला आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. या दोन पेठांच्या मधल्या गावांत रेल्वे नव्हती. म्हणून कापसाची वाहतूक बैलगाडीवाल्यांच्या हाती राहिली. सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने हंगामी मजुरी देत. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांची खरेदी-विक्री होई. बैल हे औत, वाहन आणि अडीनडीची ठेव असे तिन्ही होते. तो विकून कर्ज फेडणारा पुढील हंगामाची शेती व गाडीभाडे दोन्ही गमावीत असे. जमिनीच्या तारणावर बेतलेल्या पतपेढीला ही अडचण दिसणे कठीण होते आणि भूमिहीनांना तर तिचे दार जवळजवळ बंदच होते.

अ. द. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५१-५२ ची आकडेवारी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. देशातील शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सु. ३ टक्के, तर सावकारांचा सु. ७० टक्के होता. जमिनीऐवजी येणाऱ्या पिकाच्या आधारे कर्ज द्यावे, अशी शिफारस समितीने केली. तीतही गाडीभाडे व हंगामी मजुरी हिशेबाबाहेरच राहिली.