नॅनो खतं आणि मुळांवरच्या गाठी : तूर-सोयाबीनवाल्यांनी काय पाहावं?

हुमनाबाद : नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आता शेतकऱ्यांना नवी राहिलेली नाही. इफकोने ती 2021 मध्ये बाजारात आणली, 2023 मध्ये नॅनो डीएपी आलं. पण बिदर-कलबुर्गी आणि पलीकडच्या उदगीर-उमरगा पट्ट्यात खरीप म्हणजे तूर, सोयाबीन, मूग, उडीद. ही पिकं नत्राचा मोठा वाटा मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंकडून घेतात. म्हणून इथला प्रश्न वेगळा आहे : नॅनो कण या जिवाणूंचं काय करतात?

नॅनो म्हणजे नेमकं काय?
नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना नॅनो कण म्हणतात. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि परिणामही जोरकस.

सगळं नॅनो सारखं नाही
नॅनो युरिया पानांवर फवारतात, त्यातला युरिया पानात विरघळून जातो. चांदी, तांबं, जस्त यांच्या नॅनो कणांचं तसं नाही. त्यांच्यातून धातूचे आयन सुटतात. चांदीचे आयन जिवाणूची पेशी फोडतात, म्हणूनच ती जंतुनाशक म्हणून वापरतात. पण तिला रोगाचा जिवाणू आणि मित्र जिवाणू यांतला फरक कळत नाही.

2012 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सोयाबीन मातीत वाढवून प्रयोग केला. सेरियम ऑक्साइडचे कण जास्त प्रमाणात मिसळल्यावर गाठींतलं नत्र स्थिरीकरण जवळपास बंद पडलं. झिंक ऑक्साइडने वाढ खुंटली नाही, मात्र जस्त पानांत आणि दाण्यांत साठलं. सेरियम हे काही खत नाही. पण मातीत गेलेला कण गाठीपर्यंत परिणाम करू शकतो, हे त्यातून दिसलं.

मातीही महत्त्वाची. काळ्या जमिनीतली चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ असे कण धरून ठेवतात. विम्लधर्मी जमिनीत झिंक ऑक्साइड कमी विरघळतं. त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा शेतात जसाच्या तसा लागू होत नाही.

गोणीचा हिशेब
45 किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असतं. सुरुवातीच्या 4 टक्के नॅनो युरियाच्या बाटलीत फक्त 20 ग्रॅम. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात गोणीतलं नत्र घटवून नॅनो युरिया फवारला, तेव्हा भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं. इफकोने त्यावर आक्षेप घेतला. वाद संपेपर्यंत एकदम सगळ्या रानावर प्रयोग नको.

शेतकऱ्यांनी काय करावं?
- बाटलीवर घटक आणि टक्केवारी वाचावी. नुसतं 'नॅनो' लिहिलेलं, घटक न सांगणारं औषध घेऊ नये.
- बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम. धातूचं नॅनो औषध आणि जिवाणू खत एकत्र चोळू नये.
- आधी दोन-चार ओळींवर वापरावं, शेजारच्या ओळी तशाच ठेवाव्यात.
- पेरणीनंतर 40-45 दिवसांनी दोन्हीकडची रोपं मातीसकट अलगद उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी गाठ म्हणजे जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर नत्र मिळत नाही.

शंका असल्यास कर्नाटकात रयत संपर्क केंद्र किंवा बिदरचं कृषी विज्ञान केंद्र, महाराष्ट्रात तालुका कृषी कार्यालय गाठावं. बाटलीतलं नत्र विकत मिळतं. गाठीतलं फुकट आहे, ते आधी जपावं.