विट्याहून निघालेल्याला तमिळ किती लांब?

नवी भाषा शिकायला निघालेला मराठी माणूस आधी कूळ बघतो. हिंदी, गुजराती, बंगाली आपल्या कुळातल्या, म्हणून सोप्या. कन्नड, तमिळ, मल्याळम द्राविडी, म्हणून अवघड. शब्दसंग्रहापुरते हे खरे आहे. पण बोलताना जीभ अडते ती शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीत, आणि ती घडण पाहिली तर सांगली-साताऱ्याच्या माणसाला दक्षिण वाटते तेवढी लांब नाही. इथल्या मातीत ती फार पूर्वीपासून मिसळलेली आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांनी या टापूवर राज्य केले आणि त्यांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये कोरले. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झालेला आणि १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालेला जिल्हा आजही एकभाषी नाही. जतच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड घरात बोलली जाते आणि शाळेतही शिकवली जाते.

याचा सर्वांत बोलका पुरावा जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना ठाऊक आहे, सांगलीकरांना मात्र फारसा नाही. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ‘कुपवार’ या गावावर एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा गावची वस्ती तीनेक हजारांची. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांत उर्दू, दलित आणि भूमिहीनांत मराठी, दोर वळणाऱ्यांत तेलुगू. बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत, आणि परक्या घरच्या माणसाशी बोलायला मराठी सोयीची पडे. निबंधाचा दावा असा, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या या व्यवहारात शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याचा साचा एक होत गेला. इथल्या उर्दूने निर्जीव वस्तूंचे स्त्रीलिंग सोडले. तिथे नदीला पूर ‘आला’ की नदी ‘आया’ होते. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेदही तिने उचलला, जो प्रमाण हिंदीत नाही. उलट कन्नडने मराठीसारखे ‘आहे’ वाक्यात घालायला सुरुवात केली, जे प्रमाण कन्नडला लागत नाही. एका भाषेतून दुसरीत जायचे तर शब्द बदलले की झाले, अशी ही अवस्था.

आता हाच साचा घेऊन दक्षिणेत जाणारा माणूस पाहा. विट्याचा खानापूर तालुका, आटपाडी, कडेगाव, तासगाव आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. शेतीने पोट भरेना, तेव्हा इथली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात शिरली आणि कोईमतूर, त्रिशूर, हैदराबादपासून कोलकाता-दिल्लीपर्यंत पसरली. जुना दागिना मुशीत सवागी घालून वितळवायचा, त्यात चांदी मिसळून सोने पाव हिश्श्यावर आणायचे, नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी-तांबे विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी उरते तेच सोने. मग त्या ॲसिडात तांब्याची पट्टी टाकली की चांदीही परत खाली बसते. हे सगळे हाताने शिकता येते. पण टंच किती, वजन किती, घट किती, पैसे कधी, हे समोरच्या सोनाराशी त्याच्या भाषेतच बोलावे लागते, आणि त्यात चूक झाली तर ती पैशात मोजली जाते.

या माणसाला तमिळमध्ये काय भेटते? ‘तो आला’ला वन्दान्, ‘ती आली’ला वन्दाळ्, ‘ते आले’ला वन्ददु. म्हणजे आला-आली-आले ही आपली तीन घरे जशीच्या तशी. वर सूट अशी, की माणसे-देव सोडून बाकी सगळे नपुंसकलिंगी. मूस, भट्टी, तराजू, कशाचेच लिंग पाठ करायचे नाही. मल्याळम तर आणखी उदार: तो, ती, ते, मी, आम्ही, सगळ्यांना एकच वन्नु. शिवाय तिच्यात संस्कृत शब्दांचा भरणा तमिळपेक्षा पुष्कळ. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हीकडे वेगळे, ‘ळ’ दोन्हीकडे आहे. हिंदीत मात्र तीन लिंगांची दोन करताना मराठी माणूस जन्मभर घसरतो. आपला ‘तो आवाज’ आणि ‘ते पुस्तक’ तिकडे स्त्रीलिंगी होतात. हिंदी कळायला सोपी आहे यात वाद नाही, पण ते श्रेय बरेचसे सिनेमाचे आणि शाळेचे, कुळाचे त्यामानाने थोडे. तमिळ आणि मल्याळम यांत निवड करायची तर मी मल्याळम आधी सांगेन. तमिळची बोली आणि लिखाण यांत एवढे अंतर आहे, की पुस्तकातून शिकलेला दुकानात मुका ठरतो.

यावर कुणी म्हणेल, की अवघड-सोपेपणाची मोजमापे ठरलेली आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंडोनेशियनला सुमारे ३६ आठवडे धरते आणि लाओला ४४. ते रास्तही आहे: इंडोनेशियनला रोमन लिपी, सूर नाहीत, कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलत नाही, लाओमध्ये सुरांनी अर्थ बदलतो आणि लिहिताना शब्द सुटे करत नाहीत. पण हे आठवडे इंग्रजीच्या उंबऱ्यापासून मोजलेले आहेत. इंडोनेशियनचे ‘किता’ आणि ‘कामी’ इंग्रजी माणसाला समजावून घ्यावे लागतात. आपल्याला ते ‘आपण’ आणि ‘आम्ही’ म्हणून आधीच माहीत. लाओची लिपीही स्वरचिन्हे व्यंजनाभोवती लावते, ही कल्पना देवनागरी वाचणाऱ्याला नवी नाही. सुरांसाठी मात्र त्यालाही घाम गाळावा लागेल. मोजपट्टी कुठून धरली, यावर अंतर ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि गम्पर्झ-विल्सन यांचे ‘एकच साचा’ हे चित्र टिकत नाही, असे २०१६ मध्ये मांडले. हा आक्षेप मी मान्य करतो. साचे पूर्ण एक झाले, हे म्हणणे फार झाले. पण माझ्या मुद्द्याला ते लागतही नाही, त्याला जवळीक पुरे. भाषावार प्रांतरचनेनंतर शाळा, कचेरी, बाजार मराठीचे झाले आणि कन्नड घरातले मूल मराठी शिकू लागले. मराठी घरातल्या मुलाला कन्नडची गरज उरली नाही. म्हणून विट्याच्या पोराची दक्षिणी भाषेशी पहिली गाठ आता बहुधा शेजारच्या अंगणात पडत नाही. ती कोईमतूरच्या सोनारपेठेत, गिऱ्हाईक समोर उभे असताना पडते.