बाकावरची माणसं

आमच्या नगर जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे 2011च्या अखेरीस कसोटी संघात निवडला गेला, पण खेळायला मिळालं मार्च 2013 मध्ये. मधला सगळा काळ बाकावर. बाकावरच्या माणसाला मैदानात पाणी नेण्यापुरतं विचारतात!

म्हणून ब्रिस्बेनची कसोटी मला वेगळी वाटते. जानेवारी 2021. कोहली रजेवर, त्याच्या जागी रहाणे कर्णधार. बुमरा, शमी, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी. उरलेल्या पाच गोलंदाजांचा मिळून अनुभव चार कसोटींचा. त्यातला सैनी पहिल्याच दिवशी दुखावला. नटराजनला तर सरावात चेंडू टाकायला नेलेलं. तरी वीसच्या वीस बळी मिळाले. आपल्या पालघरच्या शार्दूलनं सात घेतले, वर 67 धावा काढल्या. 1988पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर कसोटी हरली नव्हती.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला पटत नाही. राहुल द्रविड यांच्या हाताखाली ‘अ’ संघाचे दौरे वर्षानुवर्षं होत होते. सिराज, सैनी, शार्दूल तिथं घासूनपुसून निघाले होते. त्या सामन्यांना प्रेक्षक किती असत, विचारू नका.

मालिका जिंकल्यावर रहाणेनं करंडक नटराजनच्या हातात दिला.